ब्रिटनमध्ये जुनी लढाऊ विमानं उडताना पाहायची आहेत? पहिल्यांदा एअर शोला जाणाऱ्यांसाठी

एप्रिल-मे उजाडला की लंडन, स्लाव, रेडिंगकडच्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "पुण्याहून बाबा आलेत, त्यांना स्पिटफायर बघायचंय, सगळ्यात मोठा शो कुठला?" (स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं ब्रिटिश लढाऊ विमान.) प्रश्न साधा आहे, पण "सगळ्यात मोठा" या शब्दांपाशीच गडबड सुरू होते. जो शो सगळ्यात मोठा, तिथं जुनी विमानं सगळ्यात कमी दिसण्याचीच शक्यता जास्त. इथल्या शोंना जाऊन जे कळलं ते क्रमाने लिहितो. ज्यांना आधुनिक जेटचा गडगडाट ऐकायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख फारसा कामाचा नाही.

१. विमान बघून तिकीट काढू नका, मैदान बघून काढा

नवखा माणूस शोच्या जाहिरातीतली विमानांची यादी वाचतो आणि त्यावर बेत ठरवतो. ती यादी म्हणजे वचन नसतं. ऐंशी वर्षांचं इंजिन सकाळी तेल गाळायला लागलं, ढग खाली आले, वाऱ्याने दिशा बदलली, की यादीतलं नाव गळतं. मैदान मात्र जागेवर असतं. म्हणून असं ठिकाण निवडा, जिथं चार विमानं कमी उडाली तरी दिवस वाया जाणार नाही.

माझ्या मते पहिल्या खेपेला दोनच ठिकाणांचा विचार करावा.

एक, केंब्रिजशरमधलं डक्सफर्ड. हा रॉयल एअर फोर्सचा जुना तळ. १९३८ च्या ऑगस्टमध्ये स्पिटफायर पहिल्यांदा ज्या स्क्वाड्रनला मिळालं, ती १९ क्रमांकाची स्क्वाड्रन इथलीच. आज इथं इम्पीरियल वॉर म्युझियम आहे, आणि जुनी विमानं दुरुस्त करून उडवणाऱ्या खासगी संस्थाही याच आवारात काम करतात. त्यामुळे शोमधली बरीच विमानं बाहेरून येत नाहीत, शेजारच्या हँगरमधून निघतात. अमेरिकन बी-१७ बॉम्बर 'सॅली बी' मुक्कामाला इथंच असतं. ते सरकारी पैशावर नाही, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर जगवलेलं आहे. पाऊस आलाच तर मुलांना घेऊन हँगरमध्ये शिरता येतं, ही सोय कमी लेखू नका.

दोन, बेडफर्डशरमधलं ओल्ड वॉर्डन, म्हणजे शटलवर्थ संग्रहाचं छोटंसं गवती मैदान. रिचर्ड शटलवर्थ नावाच्या हौशी तरुणाने जमवायला सुरुवात केलेला हा संग्रह. तो १९४० मध्ये हवाई दलात असताना विमान अपघातात गेला, आणि त्याच्या आईने ट्रस्ट करून संग्रह सांभाळला. इथं पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ पप, एसई५ए, ब्रिस्टल फायटर आहे. एकावर एक असे दुहेरी पंख असलेलं ग्लॅडिएटर आहे. आणि हॉकर हाइंड नावाचं एक बॉम्बर आहे, जे अफगाण हवाई दलाकडून मिळालं आणि १९७० मध्ये काबूलहून ट्रकवर लादून रस्त्याने इंग्लंडला आणलं. धावपट्टी इतकी जवळ की वैमानिकाने हात केला तर दिसतो.

एकच शो करायचा असेल तर मी ओल्ड वॉर्डन सांगेन. बरोबर मुलं असतील, गाडी नसेल किंवा हवामान संशयास्पद असेल तर डक्सफर्ड.

बाकीच्यांचं थोडक्यात: ग्लॉस्टरशरमधल्या फेअरफर्ड तळावर जुलैत होणारा रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू हा जगातला सर्वात मोठा लष्करी एअर शो मानला जातो, पण तिथं राज्य आधुनिक जेटचं. जूनमधला कॉस्फर्डचा शो हवाई दलाचा स्वतःचा. जुनं-नवं मिसळलेलं असतं आणि शेजारीच हवाई दलाचं संग्रहालय आहे. समुद्रकिनाऱ्यावरचे शो अनेकदा फुकट असतात, पण तिथं विमानं दुसरीकडून येतात, पाण्यावर घिरट्या घालतात आणि निघून जातात. जमिनीवर उभं असलेलं विमान जवळून बघायला मिळत नाही. शिवाय खर्चामुळे असे काही शो अलीकडे बंद पडलेत.

एक सापळा इथंच सांगून ठेवतो. जुन्या विमानांच्या चाहत्यांमध्ये 'फ्लाइंग लेजंड्स' या शोचं नाव फार घेतलं जातं, आणि त्यावरचं जुनं लिखाण वाचून लोक डक्सफर्डला जुलैत तो शोधतात. डक्सफर्डला तो २०१९ मध्ये शेवटचा झाला. कुठलाही बेत चालू वर्षाच्या वेळापत्रकावरूनच करा.

२. महिना आणि वेळ

हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, थोडा ऑक्टोबरपर्यंत. बॅटल ऑफ ब्रिटनचा, म्हणजे १९४० मध्ये जर्मन हवाई दलाशी झालेल्या लढाईचा स्मृतिदिन १५ सप्टेंबर, म्हणून सप्टेंबरातल्या शोंमध्ये स्पिटफायर आणि तिथंच लढलेल्या हरिकेनची गर्दी असते. बाबांना स्पिटफायर एकदा नव्हे, थव्याने बघायचं असेल तर त्यांचं परतीचं तिकीट सप्टेंबरच्या शेवटी काढा.

जून-जुलैत इथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ओल्ड वॉर्डनचे संध्याकाळचे शो त्यासाठीच असतात. संध्याकाळी वारा पडतो, आणि १९०९-१० च्या सुमाराची लाकूड-कापडाची विमानं फक्त अशा पडलेल्या हवेतच बाहेर काढतात. १९०९ चं ब्लेरिओ गवतावरून जेमतेम उचलतं, थोडं जाऊन पुन्हा टेकतं. लष्करी विमान नाही, वेगही नाही, तरी लोक त्यासाठी थांबतात. तुम्हीही थांबा, पार्किंगमधून लवकर सुटायच्या नादात शेवटचा अर्धा तास घालवू नका.

३. तिकिटं आणि कागदपत्रं

मोठ्या शोंची तिकिटं आगाऊच काढावी लागतात. कित्येक ठिकाणी फाटकावर विक्रीच नसते. "जाऊ आणि बघू" हा आपला खाक्या इथं चालत नाही. तिकीट काढताना पार्किंग त्यात धरलंय की वेगळं, हे बघा. डक्सफर्डला धावपट्टीलगत उभ्या विमानांमधून फिरण्याचं वेगळं तिकीट असतं. मंडप, खुर्ची आणि जेवणाच्या महागड्या तिकिटापेक्षा हे वरचे पैसे कितीतरी सार्थकी लागतात.

भारतातून येणाऱ्यांसाठी:

- पासपोर्ट आणि व्हिसा. पर्यटकांचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा असतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे धरा, उन्हाळ्याच्या तोंडावर त्याहून जास्त.
- शोच्या तिकिटाची छापील प्रत. मैदानावर मोबाइलचं नेटवर्क हजारो लोकांच्या भाराने बसतं, आणि फाटकावर क्यूआर कोड उघडत नाही.
- फोटो असलेलं ओळखपत्र. चालू लष्करी तळावर शो असेल तर पिशव्यांची तपासणी होते.
- गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतीय लायसन. पाहुण्यांना त्यावर बारा महिन्यांपर्यंत साधी गाडी चालवता येते; गाडी भाड्याने देणारी कंपनी वयाची आणि इतर अटी स्वतंत्रपणे घालते, त्या आधी वाचा.

तिकिटाच्या अटींमधलं परताव्याचं कलम नक्की वाचा. अमुक विमान आलं नाही किंवा हवा वाईट होती म्हणून पैसे परत मिळत नाहीत. यावर फाटकापाशी हुज्जत घालणारे दरवर्षी दिसतात. काही उपयोग होत नाही.

४. पोचायचं कसं

कॉस्फर्डला रेल्वे स्टेशन तळाला लागूनच आहे, गाडी नसलेल्यांना याहून सोपा शो नाही. डक्सफर्डसाठी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून केंब्रिजकडे जाणारी गाडी धरून व्हिटल्सफर्ड पार्कवे स्टेशनला उतरायचं. तिथून मैदान दोन-तीन मैल. शोच्या दिवशी बस आहे का ते आधीच बघून ठेवा. ओल्ड वॉर्डनला जवळचं स्टेशन बिगल्सवेड, पण संध्याकाळचा शो संपल्यावर खेड्यातून टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. जातानाच परतीची टॅक्सी ठरवा, नाहीतर गाडीवाल्या मित्राला जेवणाचं आमिष दाखवा.

गाडीने जाणाऱ्यांनी फाटक उघडण्याच्या वेळेला पोचावं. उड्डाणं दुपारी सुरू होतात म्हणून दुपारी निघणारा माणूस पहिली दोन विमानं गाडीच्या काचेतून बघतो.

आणि कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला गाडी लावून फुकटात शो बघायचा विचारही करू नका. २२ ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमच्या शोमध्ये एक हॉकर हंटर जेट गिरकी पुरी करू न शकल्याने ए२७ महामार्गावर कोसळलं. ११ जण गेले, आणि ते सगळे मैदानाबाहेरचे होते. त्यानंतर इथले नियम खूप कडक झाले: प्रेक्षकांपासूनचं अंतर वाढलं, जुन्या जेटच्या कसरतींवर जमिनीवरच्या शोंमध्ये बंधनं आली. "पूर्वी विमानं किती जवळून जायची" असं हळहळणारे जुने प्रेक्षक भेटतील. त्यांचं ऐकून घ्या, पण नियमांचं कारण हे आहे.

५. पिशवीत काय

घडीची खुर्ची, पातळ रेनकोट, टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली. इंग्लंडच्या ढगाळ दिवशीही उघड्या मैदानात सात-आठ तासांत कातडी भाजते. लहान मुलांसाठी कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन; स्पिटफायरचं मर्लिन इंजिन मुलांना चालतं, मध्येच आलेलं आधुनिक जेट रडवतं. साधी ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरे.

डबा घरचाच न्या. खाण्याच्या गाड्यांवर रांगा लांब आणि शाकाहारी माणसाला चिप्सशिवाय फार काही मिळत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी बटाट्याची भाजी, असं चमच्याशिवाय खाता येणारं हवं, कारण जेवणाच्या मध्यात काहीतरी उडतंच.

नेऊ नये ते: ड्रोन (सरळ बंदी), शेगडी, आणि पुढच्या रांगेत उघडायची मोठी छत्री. वैमानिक आणि टॉवरचं बोलणं ऐकायला लोक स्कॅनर रेडिओ आणतात, दुकानांत तो मिळतोही. पण कायद्याने इथं ते ऐकायला परवानगी नाही, तेव्हा नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

६. सकाळचे तास जमिनीवर घालवा

दिवसाचा सगळ्यात चांगला भाग उड्डाणांआधीचा असतो. विमानांजवळ जा. बरोबर उभे असलेले चिकट हातांचे, जुन्या डगल्यातले लोक बहुधा स्वयंसेवक असतात, आणि त्यांना प्रश्न विचारलेले आवडतात. "हे किती वेगाने जातं?" असं विचारू नका, "हे परत उडवायला काय काय करावं लागलं?" असं विचारा. मग ते घड्याळ बघत नाहीत.

आपल्याकडच्या माणसाने विचारण्यासारखं आणखी एक: "हे कधी भारतात होतं का?" उत्तर बऱ्याचदा हो असतं. आर४११८ क्रमांकाचं हरिकेन १९४० मध्ये ६०५ स्क्वाड्रनकडून बॅटल ऑफ ब्रिटन लढलं, पुढे भारतात पाठवलं गेलं आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात कित्येक वर्षं उघड्यावर पडून होतं. पीटर व्हॅकर या इंग्रज गृहस्थाने पाठपुरावा करून ते २००१ मध्ये ब्रिटनला नेलं, आणि २००४ मध्ये ते पुन्हा आकाशात गेलं. डक्सफर्डच्या 'फायटर कलेक्शन' या खासगी संस्थेकडचं एमव्ही२९३ हे स्पिटफायरही भारतातूनच परत आणलेलं. उलट दिशेचंही उदाहरण आहे: भारतीय हवाई दलाचं 'परशुराम' हे डाकोटा वाहतूक विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त झालं आणि एप्रिल २०१८ मध्ये कोव्हेंट्रीहून उडत भारतात आलं.

बरोबर १९६५ किंवा ७१ ची आठवण असलेले काका-आजोबा असतील तर नॅट हे छोटं जेट कुठे दिसतं का ते बघा. ब्रिटिशांनी नॅट मुख्यतः दोन आसनी प्रशिक्षण विमान म्हणून वापरलं. रेड अ‍ॅरोज पथक १९७९ पर्यंत त्यावरच कसरती करायचं. एक आसनी नॅटने पाकिस्तानची सेबर जेट पाडणारं हवाई दल आपलं. इथल्या प्रेक्षकांतल्या अनेकांना हे ठाऊक नसतं, आणि आजोबांना श्रोते मिळतात.

७. बसायचं कुठे

प्रेक्षकांच्या रेषेचा मध्य सगळ्यांना हवा असतो. तो सोडा. रेषेच्या ज्या टोकाकडून विमानं धावपट्टीवर येतात-जातात, तिथं गर्दी विरळ असते आणि विमान वळताना वरची बाजू दिसते. ध्वनिक्षेपकाच्या थेट खाली मात्र बसू नका. निवेदक चांगला असला तरी इंजिनाच्या आवाजावर त्याचा आवाज चढतो, आणि तुम्ही आलात ते इंजिन ऐकायला.

८. काय ऐकायचं, काय ओळखायचं

हे शिकायला एक शो पुरतो आणि मग सुटत नाही.

मर्लिन हे २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन. स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर बॉम्बर आणि अमेरिकन मस्टँग, सगळ्यांत तेच किंवा त्याचा अमेरिकेत बनलेला भाऊ. आवाज घुमतो पण फाटत नाही, हार्मोनियमचा खर्जातला सूर भात्याच्या एका दमात लांबवर धरून ठेवावा तसा. नंतरच्या स्पिटफायरना सुमारे ३७ लिटरचं ग्रिफन बसवलं. त्याचा आवाज अधिक घोगरा, आणि पंखा उलट दिशेने फिरतो. नाक लांब आणि पंख्याला पाच पाती दिसली तर बहुतेक ग्रिफनवालं समजा.

स्पिटफायर आणि हरिकेन यांत गोंधळ होतो. स्पिटफायरचे पंख लंबगोल आणि टोकाशी निमुळते. हरिकेनचे जाड, पाठीला कुबड, शेपटीकडचा भाग कापडाने मढवलेला. जवळ उभं राहून पाहिलं तर कापडाखालच्या फळ्या दिसतात. प्रसिद्धी स्पिटफायरला मिळाली, १९४० मध्ये लढाईत संख्येने जास्त हरिकेन होती.

समोर काळे क्रॉस रंगवलेलं जर्मन मेसरश्मिट १०९ आलं आणि कानावर मर्लिनचा आवाज पडला, तर कान बरोबर आहेत. ते स्पेनमध्ये बांधलेलं बुचॉन असतं: आराखडा जर्मन, इंजिन ब्रिटिश. नाकाखाली हनुवटी फुगलेली दिसते.

हार्वर्ड हे प्रशिक्षण विमान छोटं दिसतं, पण उडताना सगळ्यांत कर्कश. पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ पोचतात त्याचा तो आवाज.

आणि ओल्ड वॉर्डनला पपसारखं पहिल्या महायुद्धातलं विमान सुरू झालं तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा. त्याच्या रोटरी इंजिनात सिलिंडरांसकट सगळं इंजिनच पंख्याबरोबर गरागरा फिरतं आणि वंगणाला एरंडेल लागतं. जळक्या एरंडेलाचा वास मैदानभर पसरतो. उतरताना इंजिन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतंय असं वाटेल; बिघाड नाही, वेग कमी करायला वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडतो.

कोनिंग्स्बी तळावरच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या पथकाचं लँकेस्टर येणार असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. जगात उडण्याजोगी लँकेस्टर दोनच, दुसरं कॅनडात. हे पथक बहुतेक शोंमध्ये उतरत नाही. येतं, काही मिनिटं फिरतं आणि पुढच्या गावी जातं. त्या वेळी तुम्ही चहाच्या रांगेत असाल तर संपलं.

९. फोटो

एकच गोष्ट लक्षात ठेवा: पंख्याच्या विमानाला शटर हळू ठेवा. १/१००० वर काढलं तर पाती गोठतात आणि विमान दोऱ्याला टांगल्यासारखं दिसतं. सुरुवात १/३२० ने करा, हात बसला की १/१६० पर्यंत उतरा. विमानाबरोबर कंबरेतून फिरायचं, नुसते हात फिरवायचे नाहीत. जेटला मात्र १/१००० च हवं. डक्सफर्डला प्रेक्षकांचं तोंड दक्षिणेकडे असतं, म्हणजे बराचसा दिवस ऊन समोरून. एक्स्पोजर थोडं वर घ्या नाहीतर सगळी विमानं काळी येतील.

मोबाइलने उडत्या विमानांचे फोटो काढू नका. ठिपका येतो. मोबाइल सकाळी जमिनीवर वापरा.

१०. वारा आडवा आला तर

निवेदकाने "फ्लॅट डिस्प्ले" म्हटलं तर ढग खाली आहेत म्हणून उभ्या कसरती नाहीत, विमानं आडवी फिरतील. ते वाईट नसतं, विमानं उलट जास्त वेळ समोर राहतात. आडवा वारा जोरात असेल तर शेपटीखाली लहान चाक असलेली जुनी विमानं, म्हणजे तुम्हाला बघायची असलेली जवळजवळ सगळीच, उतरताना घसरण्याचा धोका असतो आणि ती बाहेर काढत नाहीत. अशा दिवशी वैतागून निघून जाऊ नका. इंग्लंडची हवा दुपारी चारनंतर शहाणी होते असा माझा अनुभव आहे.

११. तारखा जुळत नसतील तर

शोशिवायही जमतं. लिंकनशरमधल्या ईस्ट कर्कबीला 'जस्ट जेन' नावाचं लँकेस्टर आहे. ते उडत नाही, पण चारही इंजिनं चालू करून धावपट्टीवर फिरवतात, आणि पैसे भरून आत बसता येतं. त्या जागा फार आधी भरतात. तिथून थोड्याच अंतरावर कोनिंग्स्बी. मेमोरियल फ्लाइटच्या हँगरची माहितगारासोबत फेरी मिळते, विमानं देखभालीसाठी उघडलेली असली तर पोटातलं सगळं दिसतं. हे केंद्र सुट्टीच्या दिवशी उघडं असेलच असं धरू नका, आधी वार तपासा. लंडनबाहेर जायला वेळच नसेल तर हेंडनचं हवाई दलाचं संग्रहालय ट्यूबने गाठता येतं आणि प्रवेश मोफत आहे. तिथं काही उडत नाही, एवढंच.